गंज गेला, मीठ राहिलं : जुन्या ट्रकबद्दल वाचकांचे प्रश्न

जुना ट्रक पुन्हा उभा करायला घेतलेल्या वाचकांची पत्रं एकत्र केली, तर निम्म्याहून जास्त पत्रं इंजिनाबद्दल नसून पत्र्यावरच्या गंजाबद्दल निघाली. म्हणून या वेळी सगळी जागा गंजालाच दिली आहे.

प्रश्न : आमचा आजोबांच्या वेळचा फार्गो ट्रक भांडुपला मिठागरांजवळच्या मोकळ्या जागेत बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभा होता. आता तो मुलुंडच्या एका गाळ्यात आणला आहे. केबिन, बोनेट, मडगार्ड, सगळीकडे तांबूस गंज आहे, पण हाताला भोक कुठे लागत नाही. एक मिस्त्री म्हणतो सगळं सँडब्लास्ट करा, दुसरा म्हणतो ग्राइंडरने दोन दिवसांत साफ करून देतो. कोणाचं ऐकावं? (वाचक, मुलुंड)

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं. चेसिस ब्लास्टिंगला (दाबाच्या हवेने कणांचा मारा करून गंज काढायला) जाऊ द्या, केबिनचा पत्रा मात्र हातानेच. आणि दोन दिवसांत साफ करून देणाऱ्याला आधी एवढंच विचारा, की गाडी धुणार कधी? बऱ्याच गॅरेजांच्या कामात ही पायरीच नसते आणि मुंबईत काम फसतं ते इथेच.

हाताला भोक लागत नाही म्हणजे भोक नाहीच, असं धरू नका. जुना जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि मुठीच्या बाजूने पत्रा ठोकत चला. चांगला पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला भद्द वाजतो. भद्द वाजला की तिथे टोक दाबा. दरवाज्यांची खालची कड, केबिनच्या मजल्याचे कोपरे, पायरीची मागची बाजू, समोरच्या काचेच्या रबराखालची पन्हळ आणि मडगार्ड केबिनला जिथे बोल्टने बसतं ती जागा, एवढी ठिकाणं सोडायची नाहीत. टोक आत गेलं तर तो वरवरचा गंज नव्हे. तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागेल, तिथे रसायनं ओतून उपयोग नाही. खडूने खुणा करून ठेवा : नुसता तांबूस थर असेल तिथे एक रेघ, पोपडे-खड्डे असतील तिथे दोन, कापायचं तिथे फुली.

बॅटरी, वायरिंग, दिवे, सीट, रबरं, काचा काढून घ्या. काच जागेवर ठेवून ग्राइंडर चालवला की ठिणग्या तिच्यात रुततात आणि ते बारीक टिपके नंतर कशानेही जात नाहीत.

आता तेल-ग्रीस. हे गंजाच्या आधी निघालं पाहिजे, नाहीतर वायर ब्रश तेच ग्रीस सगळ्या पत्र्यावर फासतो. रॉकेल किंवा डिझेलने पुसायची सवय आहे, पण त्याची पातळ साय मागे राहते. जाड चिखल-ग्रीस खरवडून काढा, डीग्रीझर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, ताठ ब्रशने घासा आणि धुवा. गेलं की नाही हे पाणीच सांगतं. अर्धा मिनिट पाण्याचा सलग पडदा पत्र्यावर टिकला तर ठीक, थेंब थेंब होऊन तुटला तर अजून तेल आहे.

मग मीठ. तुमची गाडी मिठागराशेजारी होती म्हणून तर हे जास्तच, पण वरळी-शिवडीपासून उरणपर्यंत कुठेही उभ्या असलेल्या गाडीला हे लागू आहे. खाऱ्या हवेतलं क्लोराइड गंजाच्या थराखाली, खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतं. ते ओलावा ओढतं, लोखंडाला गंजवतं आणि गंज तयार झाल्यावर स्वतः बरंचसं मोकळं राहून पुढचं लोखंड पकडतं. वरून पत्रा चांदीसारखा दिसला तरी तळाशी हा धंदा चालूच असतो. म्हणून धुणं दोनदा : एकदा घासायच्या आधी आणि एकदा घासून खड्डे उघडे पडल्यावर. प्रेशर वॉशर भाड्याने मिळतो, तो घ्या. मात्र पाणी कुठलं ते बघा. महापालिकेचं तलावाचं पाणी चालतं. टँकरचं पाणी पुष्कळदा बोअरचं आणि मचूळ असतं, त्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ भरणं. घरच्या वॉटर फिल्टरचं पाणी तपासायचा टीडीएस पेन इथे कामाला येतो. आधी नळाच्या पाण्याचा आकडा घ्या, मग पत्र्यावरून ओघळलेलं पाणी वाटीत धरून त्याचा. दोन्ही जवळपास सारखे येईपर्यंत धूत राहा.

घासायला सुरुवात पोपड्यांपासून. ते पटाशीने किंवा खरवडणीने काढायचे, ग्राइंडरने नव्हे. त्यानंतर चार इंची ग्राइंडरवर स्ट्रिप डिस्क लावा, म्हणजे ती काळी, जाळीदार, खरखरीत स्पंजासारखी दिसणारी चकती. ती गंज उचलते, पत्रा फारसा खात नाही. (जुन्या रंगाला ती लावण्याआधी या उत्तराच्या शेवटची शिशाची सूचना वाचा.) फ्लॅप डिस्क फक्त जाड लोखंडावर. केबिनचा पत्रा साधारण १ मिलिमीटरचा असतो आणि फ्लॅप डिस्क एका जागी रेंगाळली, की पत्रा पातळही होतो आणि तापून वाकतोही. हात सतत चालता ठेवा. पत्र्याला तळवा टेकवता येत नाही इतका तो तापला तर दुसऱ्या टोकाला जा.

वायर कप ब्रशवर लोकांचा भारी विश्वास. तो सैल गंज चांगला काढतो, पण घट्ट गंज काढण्याऐवजी त्याला पॉलिश करून काळा-चकचकीत करतो. पाहणाऱ्याला वाटतं लोखंड लागलं. भिंग धरून पाहिलं तर खड्ड्याच्या तळाशी काळे ठिपके तसेच दिसतात. शिवाय त्या गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागाला प्राइमर धरत नाही. कप ब्रश वापरायचाच तर त्यावर छापलेले कमाल फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,०००-१२,००० फेरे फिरतो, स्वस्तातला ब्रश त्या वेगाला तारा सोडतो आणि त्या तारा कपड्यातून आरपार जातात. पूर्ण चेहऱ्याची ढाल घ्या, नुसता चष्मा पुरत नाही.

खड्ड्यांतल्या काळ्या ठिपक्यांसाठी फॉस्फरिक ॲसिड. बाजारात ते ८५ टक्के मिळतं. पाच भाग पाण्यात एक भाग ॲसिड घातलं की सुमारे २० टक्क्यांचं द्रावण होतं. आधी पाणी, त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. ब्रशने लावा, १५ ते ३० मिनिटं ओलं ठेवा, नायलॉनच्या घासणीने घासा, भरपूर पाण्याने धुवा. उन्हात करू नका. वाळलं तर पांढरट चिकट थर बसतो. तसा बसलाच तर तेच द्रावण पुन्हा लावून तो मऊ करा आणि लगेच धुवा. दरवाज्याच्या दुमडीत आणि सांध्यांत ॲसिड शिरू देऊ नका, तिथून ते धुऊन निघत नाही.

धुतल्यावर कंप्रेसरच्या हवेने (पाणी गाळणारा ट्रॅप लावून) सांधे वाळवा, हॉट एअर गन फिरवा, ८० आणि मग १२० नंबरच्या पेपरने पत्र्याला दात काढा (खरखरीत करा), धूळ उडवा, सॉल्व्हंटने पुसा. इथून पुढे उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही, घामातही मीठच असतं. आणि त्याच दिवशी प्राइमर. म्हणूनच दोन दिवसांत सगळी गाडी उघडी करणारा मिस्त्री नको. एका दिवसात प्राइमरपर्यंत नेता येईल एवढाच भाग उघडायचा : आज बोनेट, उद्या डावा दरवाजा.

प्राइमर टू-पॅक इपॉक्सी (रंग आणि हार्डनर वेगळे येतात आणि लावताना मिसळतात तो) घ्या, झिंक फॉस्फेटवाला. दोन हात मिळून सुका थर ६० ते ८० मायक्रॉन. घन भाग निम्मा असलेलं १ लिटर मिश्रण ५० मायक्रॉनच्या थराला हिशेबाने १० चौरस मीटर जातं. स्प्रेमध्ये उडून जाणारं वजा केलं तर ६-७ धरा. पुट्टी इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही.

राहिला सँडब्लास्टिंगचा मुद्दा. मोठ्या सपाट पत्र्यावर कणांचा मारा बसला की पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि बोनेट कढईसारखं फुगतं. ते ठोकून सरळ करायला गंज काढण्याहून जास्त मजुरी पडते. चेसिस जाड असते, तिला ब्लास्टिंगच योग्य. तळोजा, रबाळे भागात करून देतात. कॉपर स्लॅगने (तांबं गाळताना उरणाऱ्या कठीण खडीने) एसए अडीच दर्जा, म्हणजे जवळपास पूर्ण स्वच्छ लोखंड, मागा. वाळूने करणाऱ्याकडे जाऊ नका, त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो. एक्सलचे ब्रीदर, ब्रेकच्या नळ्या, बेअरिंगच्या जागा झाकून घ्या, नाहीतर नंतर ग्रीसमध्ये खडी निघेल. क्रॉस मेंबर (चेसिसचे आडवे भाग) जिथे रिव्हेटने बसवले आहेत तिथे दोन पत्र्यांमध्ये गंज साठून पत्रे फाकलेले दिसले तर ब्लास्टिंग तिथे पोचत नाही. रिव्हेट काढूनच सांधा उघडावा लागतो, आणि हे काम चेसिसवाल्या जाणत्या मिस्त्रीचंच.

एक सूचना राहिली. त्या काळच्या पिवळ्या-केशरी रंगांत आणि लाल प्राइमरमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारत हाताने घासा, विजेच्या ग्राइंडरने नव्हे, आणि कणांच्या फिल्टरचा रेस्पिरेटर लावा. तोंडाला बांधलेला रुमाल कुचकामी आहे. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ब्रेक ड्रम उघडलेत तर तिथली धूळ हवेने उडवायची नाही, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

प्रश्न : गॅरेजवाल्याने गंजावर रस्ट कन्व्हर्टर मारला, वर रेड ऑक्साइड आणि रंग दिला. पावसाळा संपेपर्यंत मडगार्डवर फोड आले. रंग हलका होता की कन्व्हर्टर? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : बहुधा दोन्ही नाहीत. एक फोड सुरीने कापून खाली बघा. खाली ओलं आणि तांबूस असेल तर मीठ किंवा सैल गंज राहून गेला. खाली कोरडा काळा थर रंगासकट सुटून आला असेल तर कन्व्हर्टर जाड मारला होता. रंग प्राइमरपासून सुटला आणि प्राइमर जागेवर असेल तर दोन हातांमध्ये घासलं नव्हतं किंवा थिनर उडायच्या आत पुढचा हात मारला.

कन्व्हर्टरमधलं टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिड घट्ट बसलेल्या, पातळ गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलतं. पोपड्याच्या वरच्या बाजूलाच ते मुरतं, खालचा गंज तसाच राहतो. मीठ तर त्याने जातच नाही. आमच्या मते तो फक्त हात न पोचणाऱ्या जागांसाठी आहे, चेसिसच्या आतल्या घडीत, मजल्याच्या खाली. बाहेरच्या पत्र्यावर तो वेळ वाचवायला मारतात आणि गिऱ्हाइकाला ‘ट्रीटमेंट’ म्हणून सांगतात.

रेड ऑक्साइडबद्दलही थोडं. जुन्या काळी लोखंडावर शेंदूर, म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड, असलेला प्राइमर लावत आणि तो गंज खरोखर रोखायचा. आजच्या रेड ऑक्साइडमधला लाल रंग लोह ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच भाऊबंदातला. एका डब्यातला साधा प्राइमर ओलावा पुरता अडवत नाही. खिडकीच्या ग्रिलला ठीक, मडगार्डला नाही. तुम्हाला आता पत्र्यापर्यंत सगळं काढूनच सुरुवात करावी लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात धंदा मंद असतो म्हणून टेम्पोचं काम जूनमध्ये काढायचं ठरवलं आहे. गाळा बंदिस्त आहे. चालेल ना? (वाचक, साकीनाका)

उत्तर : सुटं करणं, डेंटिंग, इंजिनचं काम जूनमध्ये करा. पत्रा उघडा करू नका. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजतं, पत्र्यावर मीठ असेल तर त्याच्याही बऱ्याच खाली. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ती सरासरी ८० च्या आसपास किंवा वर असते.

नियम असा, की रंग देताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास येतो, म्हणजे पत्रा २८ च्या वर हवा. रात्रभर थंड झालेली जाड चेसिस सकाळी हवेपेक्षा गारच असते. डोळ्याला ओल दिसत नाही, पण बोट फिरवलं तर ठसा उमटतो. जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि ५० टक्के असताना तोच दवबिंदू १८ च्या आसपास उतरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते चार, हा मुंबईतला प्राइमरचा मुहूर्त. थांबता येणारच नसेल तर एकेक सुटा भाग बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून करा, हॅलोजनने पत्रा कोमट करा. गॅसची शेगडी लावून खोली तापवू नका, गॅस जळताना पाण्याची वाफच सोडतो.

प्रश्न : बिजागऱ्या, कडी-कोयंडे, फाळक्याच्या साखळ्या, दिव्यांचे ब्रॅकेट असे पुष्कळ छोटे भाग आहेत. एकेक घासत बसणं जिवावर येतं. भिजत घालून साफ होतात का? (वाचक, कळवा)

उत्तर : होतात, आणि घासण्यापेक्षा चांगले होतात, कारण द्रव कोपऱ्यात जातो. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूफूल) विरघळवा, त्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा चिमूट चिमूट टाका. भसाभस फेस येतो, म्हणून बादली अर्धीच भरलेली हवी. शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. सोडा कशाला, तर नुसतं लिंबूफूल चांगल्या लोखंडालाही खातं. सोड्याने ते नरम पडतं आणि गंजावरच जास्त काम करतं. सायट्रिक मशीद बंदरच्या रसायनवाल्यांकडे किलोने घ्या, किराणा दुकानातल्या पुड्या महाग पडतात.

तेल काढलेले भाग पूर्ण बुडतील असे ठेवा. अर्धा भाग बाहेर राहिला तर पाण्याच्या रेषेवर खोल चर पडतो. चार तासांनी एकदा बघा, रात्रभरात बहुतेक काम होतं. दोन दिवस तसेच विसरून ठेवू नका. बाहेर काढून घासा, धुवा, किंचित सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुचकळा आणि लगेच वाळवा. करड्या रंगाचा पातळ थर दिसेल, तो पुसला की जातो. जस्ताचा मुलामा, ॲल्युमिनियम आणि ओतीव नक्षीच्या मूठी यात टाकू नका.

साखळ्यांसाठी उसाची मळी हा जुना उपाय. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, एक ते तीन आठवडे. काम छान होतं, पण मुंबईच्या उकाड्यात ती आंबते आणि वास शेजाऱ्यांपर्यंत जातो. चाळीत किंवा सोसायटीत नकोच.

फार जाड गंजाच्या भागाला बॅटरी चार्जर लावता येतो. १ लिटर पाण्याला १२-१५ ग्रॅम धुण्याचा सोडा, चार्जरचं ऋण टोक भागाला, धन टोक भंगारातल्या साध्या सळईला. सळईऐवजी स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन निघतो. वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून खिडक्या उघड्या आणि जवळ ठिणगी नाही. पाटे, स्प्रिंगा आणि यू-बोल्टसारखे ताकदीचे बोल्ट ॲसिडमध्येही टाकू नका आणि चार्जरलाही लावू नका. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं आणि लोड आल्यावर तडकतं. पाट्यांना हाताचा वायर ब्रशच बरा.

प्रश्न : संडास साफ करायचं ॲसिड ओतलं तर गंज मिनिटात जातो. मग एवढा खटाटोप कशाला? (वाचक, घाटकोपर)

उत्तर : ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. जाताना क्लोराइड मागे ठेवतं, म्हणजे जे मीठ धुवायला एवढं पाणी घातलं तेच पुन्हा भरलं. शिवाय त्याच्या वाफेने गाळ्यातली बाकी हत्यारं आठवड्यात तांबूस होतात. नको.

प्रश्न : चेसिस नंबर गंजाखाली अर्धा दिसतो आहे. ग्राइंडर मारून मोकळा करू का? (वाचक, पनवेल)

उत्तर : ग्राइंडर तिथे आणूच नका, ब्लास्टिंगला देतानाही तो भाग लाकडी पट्टी आणि जाड टेपने झाका. ठोकलेल्या आकड्यांची खोली फार नसते. आकडे घासून गेले तर फिटनेसच्या वेळी पेन्सिलचा छाप उमटत नाही आणि नंबरशी छेडछाड केल्याचा संशय गाडीमालकावर येतो. नंबर पुन्हा ठोकायचा तर तोही आरटीओच्या परवानगीनेच.

वर सांगितलेलं सायट्रिकचं द्रावण कापसात भिजवून आकड्यांवर ठेवा, वर प्लास्टिक चिकटवा, तासाने काढून पितळी तारांच्या ब्रशने आकड्यांच्या ओळीच्या दिशेने घासा. तीन-चार वेळा करावं लागेल. आकडे वाचता आले की फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या आणि आरसी बुकाशी एकेक अक्षर ताडून बघा. मग धुवून वाळवा. त्यावर इपॉक्सीचा जाड थर देऊ नका, आकडे बुजतात. पातळ एक हात आणि वर ग्रीस पुरतं, आणि ते ग्रीस दर पावसाळ्याआधी पुसून नवं लावा.